गाण्याच्या शिकवणीचा जमाखर्च

व्यापारी घरातल्या मुलाला पहिला हिशेब शिकवला जातो तो मालाचा. किती आला, किती विकला, किती उरला. गाण्याची शिकवणी चालवणाऱ्याजवळ असा मोजता येणारा माल नसतो. त्याच्याजवळ असते एक खोली, एक हार्मोनियम, तबल्याची जोडी, तानपुरा, संध्याकाळचे काही तास आणि वर्षानुवर्षे गुरूपुढे बसून मिळवलेली विद्या. विद्येचे मोल करू नये, अशी आपल्याकडची जुनी समजूत. परिणाम असा होतो, की किराणा दुकानाची उधारी महिनाअखेरीस आठवणीने चुकवणारे सज्जन गाण्याचे शुल्क मात्र तीन-तीन महिने विसरतात, आणि शिक्षकालाही ते मागण्याचा संकोच वाटतो.

ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. कापूस, सोयाबीन, हळद आणि ऊस पिकवणारा हा मुलूख. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. अशा गावात संगीताचा उत्तम वर्ग चालू राहणे ही केवळ हौसेची बाब नाही. मोठ्या शहरात एक वर्ग बंद पडला तर पुढच्या चौकात दुसरा सापडतो. ढाणकीसारख्या ठिकाणी एकुलता एक शिक्षक वर्ग मोडून शहराकडे गेला, की पंधरा-वीस मुलांचे शिक्षण त्या दिवशी थांबते. मुलगे कदाचित तालुक्याच्या गावी जाऊन शिकतील. पण संध्याकाळच्या बसने मुलीला परगावी पाठवायला किती घरे तयार होतील? म्हणून शिकवणीचा व्यवहार नीट बसणे हा जितका शिक्षकाच्या पोटाचा प्रश्न आहे, तितकाच गावातल्या मुलींच्या गळ्याचाही आहे.

हा व्यवहार कसा बसवावा याचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी गायकाने तो परप्रांतात जाऊन घालून दिला. त्याच्या यशापासून जितके शिकण्यासारखे आहे, तितकेच त्याच्या कर्जापासूनही.

लाहोरचे विद्यालय

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार. बालपणी फटाक्याच्या स्फोटात डोळ्यांना इजा झाली आणि शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी ग्वाल्हेर परंपरेच्या गायकीचे दीर्घ शिक्षण घेतले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. संस्थानिकांच्या दरबारात गायकाच्या वाट्याला येणारे दुय्यम स्थान त्यांच्या स्वाभिमानाला मानवणारे नव्हते. गायकाने कुणाच्या मर्जीवर जगू नये, समाजाने त्याच्या विद्येचे मोल उघडपणे द्यावे, हा विचार घेऊन ते उत्तरेकडे निघाले.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. कोणत्याही संस्थानाच्या खजिन्याचा आधार न घेता विद्यार्थ्यांचे शुल्क, लोकांच्या देणग्या आणि मैफलींचे उत्पन्न यांवर संगीताचे विद्यालय चालवण्याचा तो धाडसी प्रयोग होता. आरंभी विद्यार्थी येईनात. तरीही बुवा ठरल्या वेळी विद्यालयात येऊन तानपुरा जुळवीत आणि रिकाम्या वर्गात स्वतःच गात बसत, अशी आठवण त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगितली जाते. गिऱ्हाईक नसतानाही दुकान ठरल्या वेळी उघडले पाहिजे, हे ज्यांच्या रक्तात आहे त्यांना या आठवणीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हळूहळू विद्यार्थी आले. पालकांचा विश्वास बसला तो विद्यालयाच्या शिस्तीमुळे. त्या काळी गाणे शिकणे म्हणजे गुरूची सेवा करीत, तो कधी शिकवील याची वाट पाहत वर्षे काढणे. काय शिकायचे, किती दिवसांत शिकायचे आणि शिकलो हे कशावरून समजायचे, याचे उत्तर कुणाकडे नसे. पलुसकरांनी वेळापत्रक केले, इयत्ता पाडल्या, परीक्षा ठेवल्या. स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार करून क्रमिक पुस्तके छापली; त्यासाठी छापखानाही चालवला. स्त्रियांसाठी स्वतंत्र वर्ग काढले. प्रतिष्ठित घरांनी गाण्याकडे पाठ फिरवलेल्या त्या काळात ‘आपली मुलगी तेथे शिकायला जाते’ असे वडिलांना चारचौघांत सांगता यावे, एवढी पत त्यांनी आपल्या संस्थेला मिळवून दिली.

विद्यार्थ्यांची व्यवस्थाही त्यांनी दोन स्वतंत्र खात्यांत ठेवली होती, असे म्हणता येईल. एका बाजूला शुल्क देऊन ठरावीक तास शिकणारे सर्वसामान्य विद्यार्थी. दुसऱ्या बाजूला उपदेशक वर्गाचे विद्यार्थी, ज्यांना पुढे शिक्षक आणि प्रचारक व्हायचे होते. हे विद्यार्थी दीर्घ मुदतीचा लेखी करार करून विद्यालयातच राहत. त्यांचा निवास, भोजन आणि शिक्षण यांचा भार संस्था उचलीत असे. हौस म्हणून शिकणारा आणि आयुष्य वाहून शिकणारा, या दोघांना एकाच वर्गात बसवून दोघांचेही नुकसान करायचे नाही, ही दृष्टी त्यात होती.

इमारत आणि कर्ज

१९०८ साली पलुसकरांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. मुंबईत विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. संस्थेला स्वतःची वास्तू हवी म्हणून त्यांनी कर्ज काढून मोठी इमारत बांधली. येथून हिशेब बिघडू लागला.

हे कर्ज कशातून फिटणार होते? सर्वसामान्य विद्यार्थ्यांच्या शुल्कातून वर्गांचा चालू खर्च भागत असे. उपदेशक वर्गातून उत्पन्न नव्हते. उलट रोजचा खर्च होता. राहिले मैफलींचे उत्पन्न आणि देणग्या. मैफल आज होते, उद्या होत नाही. गवयाचा आवाज बसला, साथीचा रोग आला, आयोजकाने हात आखडता घेतला, की ते उत्पन्न थांबते. व्याज मात्र दिवस मोजून चढत राहते. हप्ते भागवण्यासाठी बुवांना गावोगाव दौरे काढावे लागत आणि बुवा दौऱ्यावर असले, की विद्यालयाला त्यांचा सहवास मिळत नसे. अनियमित उत्पन्नाच्या भरवशावर नियमित हप्त्याचे कर्ज घेतले की काय होते, हे कुठल्याही पेढीवर बसलेल्या माणसाला ठाऊक असते. १९२० च्या दशकात कर्जापोटी ती इमारत हातची गेली. पलुसकर पुढे नाशिकला राहिले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले.

केवळ ताळेबंद पाहणारा येथे ‘संस्था बुडाली’ असा शेरा मारून वही मिटवील. पण पुढच्या काही वर्षांतल्या नोंदी पाहिल्या म्हणजे चित्र बदलते. त्यांचे शिष्य बा. र. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत स्वतःचे संगीत विद्यालय काढले होतेच. पुढे याच देवधरांकडे कुमार गंधर्व शिकले. १९३१ मध्ये शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९३९ मध्ये दिल्लीत विनयचंद्र मौद्गल्य यांनी त्याच नावाचे विद्यालय उभे केले. ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीतशिक्षणाचे प्रमुख झाले. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देशभरातील केंद्रांवर होतात. लहान गावातील मुलगीसुद्धा ‘प्रवेशिका’ उत्तीर्ण झाले असे सांगते, तेव्हा ती लाहोरच्या त्या रिकाम्या वर्गात घातलेल्या घडीचाच लाभ घेत असते.

इमारतीवर काढलेले कर्ज बुडाले आणि शिष्यांवर केलेला खर्च व्याजासह वसूल झाला. मात्र हे शिष्य तयार झाले ते शिस्तीमुळे. केवळ उदारपणावर ते तयार झाले नसते. ढाणकीच्या वर्गाला यातून घेण्यासारखे बरेच आहे.

तास हा नाशवंत माल

शिकवणीचा तास भाजीपेक्षाही नाशवंत असतो. भाजी संध्याकाळी कमी भावात तरी विकली जाते. मंगळवारी सहा ते सातचा तास विद्यार्थी न आल्याने रिकामा गेला, तर तो बुधवारी विकता येत नाही. खोलीचे भाडे, तबलजीचे मानधन आणि शिक्षकाचा वेळ हा खर्च त्या तासाला झालेलाच असतो. म्हणून ‘मुलगा आठ दिवस आला नाही, तेवढे पैसे कापून घ्या’ ही मागणी वरवर रास्त दिसली, तरी व्यवहाराला धरून नाही. शुल्क विद्यार्थ्यासाठी राखून ठेवलेल्या जागेचे असते. एस.टी.चे आरक्षण केलेल्या माणसाने प्रवास केला नाही, म्हणून ती जागा फुकट होत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या वर्गात ३० विद्यार्थी आहेत. सहा-सहांच्या पाच तुकड्या, प्रत्येक तुकडीला आठवड्यातून दोन तास, म्हणजे आठवड्याचे दहा तास. मासिक शुल्क ६०० रुपये. कागदावर महिन्याची जमा १८,००० रुपये दिसते आणि गावात चर्चा होते, की गाण्याच्या मास्तरांचे बरे चालले आहे.

आता वही उघडून पाहू. चार मुलांना परिस्थितीमुळे शुल्क माफ आहे. उरले २६, म्हणजे १५,६०० रुपये. त्यांतल्या दोघांचे शुल्क दर महिन्याला या ना त्या कारणाने बुडते, राहिले १४,४००. भाडे २,५०० रुपये, तबल्याच्या साथीचे मानधन ४,०००, वीज आणि वाद्यांची दुरुस्ती १,०००. एकूण खर्च ७,५००. हाती उरले ६,९००. ही स्थिती वर्षातल्या दहा महिन्यांची. उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळी मिळून दोन महिने वर्ग बंद, शुल्क बंद. भाडे मात्र चालू. दहा महिन्यांचे ६९,००० रुपये, त्यांतून सुट्टीतल्या भाड्याचे ५,००० वजा जाता वर्षाला ६४,००० रुपये. महिन्याला सरासरी ५,३०० रुपयांच्या थोडे वर. १८,००० आणि ५,३०० यांमधली ही दरी गावाला दिसत नाही. पण शिक्षक गाव सोडून जातो तो तिच्यामुळेच.

आता त्याच वर्गात दोन नियम करू. पहिला, शुल्क वार्षिक ६,६०० रुपये. ते जुलै आणि दिवाळीनंतर अशा दोन समान हप्त्यांत आगाऊ भरायचे. दुसरा, हप्ता भरल्यावाचून नाव पटावर चढणार नाही. पूर्वी पालक दहा महिन्यांचे ६,००० रुपये देत होते. त्यात वर्षाला ६०० ची वाढ झाली. २६ विद्यार्थ्यांचे १,७१,६०० रुपये जमा झाले. खर्च पूर्वीइतकाच, वर्षाला ८०,०००. उरले ९१,६००. म्हणजे शिक्षकाच्या उत्पन्नात वर्षाला २७,६०० रुपयांची भर पडली. यांपैकी १५,६०० शुल्कवाढीचे. बाकीचे १२,००० केवळ गळती थांबल्याने आले. चार मुलांची माफी मात्र जशीच्या तशी राहिली. सवलतीमुळे हा वर्ग कधीच बुडत नव्हता. वसुलीच्या ढिलाईने तो पोखरला जात होता.

हप्त्यांच्या तारखा ठरवताना गावाचा अर्थव्यवहारही ध्यानात घ्यावा लागतो. शेतीवर चालणाऱ्या बाजारपेठेत पैसा बारा महिने सारखा फिरत नाही. जुलै महिना शेतकऱ्याच्या हाती बियाणे-खताची बिले ठेवतो. सोयाबीन आणि कापूस विकला गेला, की दिवाळीपासून पुढे हात मोकळा होतो. म्हणून शेतकरी कुटुंबासाठी पहिला हप्ता लहान आणि दुसरा मोठा ठेवण्याची मुभा नियमातच असावी. नियमात आधीच लिहिलेली सवलत सन्मानाची असते. ऐनवेळी दारात उभे राहून मागावी लागणारी सवलत देणाऱ्यालाही अवघड करते आणि घेणाऱ्यालाही.

दुपारी दोन ते चार ही वेळ बहुतेक वर्गांत रिकामी असते, कारण मुले शाळेत असतात. पण त्याच वेळी घरोघरच्या गृहिणींना थोडी उसंत मिळते. भजन, अभंग, मंदिरात म्हटली जाणारी स्तवने शास्त्रशुद्ध सुरात म्हणता यावीत, अशी इच्छा अनेकींच्या मनात असते. त्यांची एक तुकडी दुपारी बसवली, तर त्याच भाड्याच्या खोलीत, त्याच वाद्यांवर वर्गाच्या उत्पन्नाला आधार मिळतो. शिवाय आई स्वतः शिकू लागली, की मुलाच्या रियाझाकडे घरातून लक्ष जाते.

पटावरचे विद्यार्थी

पैशाइतकीच विद्यार्थ्यांच्या रचनेची शिस्त महत्त्वाची. पहिली गोष्ट, प्रवेशाची वेळ. वर्षभर केव्हाही नवा विद्यार्थी घेतला, तर त्याच्यासाठी सगळी तुकडी पुन्हा पहिल्या अलंकारावर येते आणि जुनी मुले कंटाळतात. वर्षातून दोनदाच प्रवेश दिले, की हा घोळ होत नाही. दुसरी गोष्ट, तुकडी वयाप्रमाणे न पाडता तयारीप्रमाणे पाडावी. बारा वर्षांचा नवशिका आणि नऊ वर्षांची दोन वर्षे शिकलेली मुलगी यांना वयाच्या हिशेबाने उलटसुलट बसवले, तर एकाला न्यूनगंड येतो आणि दुसरीची प्रगती अडते.

तिसरी गोष्ट, रियाझ. आठवड्यातले दोन तास हे दिशा दाखवण्यापुरते असतात. वाट घरी चालायची असते. शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याला एक वही द्यावी. आज काय शिकवले, घरी काय करायचे, हे चार ओळींत लिहावे आणि पुढच्या तासाला पालकाची सही पाहावी. व्यापारी घरात रोजमेळ लिहिल्याशिवाय दिवस संपत नाही. गाण्याचाही रोजमेळ असतो. रोज वीस मिनिटे सलग सहा महिने बसलेला साधारण गळ्याचा मुलगा, गोड गळ्याच्या पण आळशी मुलाच्या पुढे निघून जातो, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

चौथी गोष्ट, परीक्षा. मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या आहेत. दरवर्षी एक पायरी चढायची म्हटले, तरी आठव्या वर्षी सुरुवात केलेले मूल पंधराव्या वर्षी विशारदपर्यंत पोचते. मध्ये एक-दोन वर्षे गेली, आणि ती जातातच, तर दहावीच्या वर्षी ते मध्यमेच्या आसपास असते. बहुसंख्य विद्यार्थी येथेच गळतात. सात वर्षे पेरलेले पीक दाणे भरण्याच्या वेळी सोडून देण्यासारखे हे आहे. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळण्याची महाराष्ट्रात तरतूद आहे. ती चांगलीच आहे. पण गुण पदरात पडताच गाणे बंद, ही प्रथा तिच्यामुळे पडू नये.

यावर उपाय शिक्षकाच्या हाती आहे. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एकच तास, तोही रविवारी सकाळी, अर्ध्या शुल्कात ठेवावा. त्या वर्षी परीक्षा नाही, नवा राग नाही. शिकलेले तेवढे गाऊन टिकवायचे. नाव पटावर राहिले, की मूल परत येते. एकदा नाव कमी झाले, की परतणे फार क्वचित घडते. जुने गिऱ्हाईक सांभाळणे नवे जोडण्यापेक्षा सोपे आणि स्वस्त असते.

पाचवी गोष्ट, तुलना. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. ‘त्यांची मुलगी किती छान गाते आणि तू?’ हे वाक्य घरात एकदा उच्चारले गेले, की मुलाचा आवाज आखडतो. शिक्षकाने वर्गात आणि पालकाने घरात प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच गेल्या महिन्याशी करावी. वार्षिक कार्यक्रमात गाणाऱ्यांचा क्रम देणगीवरून किंवा वडिलांच्या प्रतिष्ठेवरून लागू नये, तयारीवरून लागावा. ज्या दिवशी क्रम विकला जातो, त्या दिवशी वर्गाची पत संपते. पलुसकरांनी जे मुख्य भांडवल उभे केले, ते हेच होते.

वर्ग टिकावा यासाठी

वर्ग चालवणाऱ्याने काही व्यावहारिक पथ्येही पाळावीत. वर्गाचे बँक खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे असावे. शुल्क रोखीने आले किंवा मोबाइलवरून आले, तरी पावती दिली जावी. सेवा देणाऱ्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची सक्ती साधारणपणे नसते. त्यामुळे लहान वर्गाने त्या भीतीपोटी हिशेब लपवण्याचे कारण नाही. उलट दोन-तीन वर्षांचे स्वच्छ हिशेब असतील, तर गरज पडल्यास बँकेत उभे राहता येते. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ या गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. दोन हार्मोनियम, तबल्याची चांगली जोडी, सतरंज्या यांच्यासाठी तेवढे पुरेसे असते.

कर्ज वाद्यांसाठी घ्यावे. वास्तूसाठी घेताना दहा वेळा विचार करावा. चांगली हार्मोनियम वर्षानुवर्षे काम देते आणि अडचण आली तर विकताही येते. वर्गासाठी काढलेल्या घराचा हप्ता मात्र सुट्टीच्या महिन्यातही चुकत नाही. लाहोर आणि मुंबई गाजवलेल्या गायनाचार्याला जो भार पेलला नाही, तो तालुक्याच्या गावातील शिक्षकाने अंगावर घेऊ नये. त्याऐवजी सहा महिन्यांचे भाडे आणि मानधन भागेल एवढी गंगाजळी हळूहळू बाजूला ठेवावी. आवाज बसला, अपघात झाला, घरात आजारपण आले, तर वर्ग तिच्यावर तग धरतो. खासगी शिक्षकाला निवृत्तिवेतन नसते, भविष्यनिर्वाह निधीही नसतो. टपाल खात्यातील किंवा बँकेतील सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते त्याने पहिल्याच वर्षी उघडावे आणि त्यात जमेल तेवढी रक्कम नेमाने भरावी.

समाजाचाही यात वाटा आहे. आपल्याकडे दान मोठ्या मनाने दिले जाते. गणेशोत्सवातल्या एका रात्रीच्या वाद्यवृंदाला एखादी पेढी सहज काही हजार रुपये देते. वर दिलेल्या उदाहरणात शुल्क माफ असलेली चार मुले आहेत. त्यांचे वार्षिक शुल्क होते २६,४०० रुपये. चार दुकानांनी एकेका मुलाचे वर्षाचे ६,६०० रुपये उचलले, तर त्या मुलांचा भार एकट्या शिक्षकाच्या खांद्यावर राहत नाही आणि त्याचे वार्षिक उत्पन्न १,१८,००० रुपयांवर जाते. मुलांना देणाऱ्याचे नाव कळण्याचेही कारण नाही. ज्यांच्याकडे रोख देण्याची सोय नसेल, त्यांनी दुकानावरची रिकामी खोली संध्याकाळी दोन तास वर्गाला वापरू द्यावी. भाड्याचे २,५०० रुपये वाचणे म्हणजे वर्षाचे ३०,००० वाचणे होय.

आणि ज्यांना दान द्यायचे नसेल, त्यांच्यासाठीही एक काम आहे, तेही बिनखर्चाचे. आपल्या मुलाचे शुल्क ठरल्या तारखेला, न मागता भरावे. पाटावर बसलेल्या गुरूला गुरुपौर्णिमेला शाल आणि श्रीफळ देणे ही आपली सुंदर रीत आहे. ती चालू राहावी. त्याच गुरूला महिन्यातून तीन वेळा ‘यावेळी जरा अडचण आहे’ हे ऐकावे लागू नये, एवढे सांभाळले तर त्या शालीची ऊब खरी ठरते.

आषाढात गुरुपौर्णिमा येते, शाळाही त्याच सुमारास सुरळीत सुरू झालेल्या असतात आणि गाण्याच्या वर्गांचे पट नव्याने लिहिले जातात. ढाणकीतल्या, उमरखेडमधल्या, पुसदमधल्या ज्या घरांतून एखादे मूल संध्याकाळी वही घेऊन गाण्याला जाते, त्या घरांनी यंदा पहिल्याच दिवशी सहामाहीचा हप्ता भरावा आणि पावती मागून घ्यावी. पुढच्या आषाढात तोच शिक्षक, त्याच खोलीत, त्याच मुलांना पुढचा राग शिकवताना दिसण्याची सर्वांत खात्रीची तजवीज तीच आहे.